‘थांबा’ म्हणायला कोणाची परवानगी लागते?

ग्लायडिंग म्हटलं की लोकांना वाटतं, मस्त आकाशात तरंगायचं. कसलं काय! ऑनसाईट असताना इंग्लंडात डन्स्टेबलच्या ग्लायडिंग क्लबवर एक शनिवार घालवला. क्लब १९३० सालचा. मी हवेत होतो जेमतेम बारा मिनिटं. बाकी दिवस ग्लायडर ढकलण्यात आणि पंख धरून उभं राहण्यात गेला. पण खरं शिकलो ते जमिनीवरच.

ग्लायडरला इंजिन नसतं. लांबवर उभी असलेली विंच दोर झपाट्याने गुंडाळते आणि ग्लायडर पतंगासारखा वर चढतो. दोर सुटला की उतरायची संधी एकच. म्हणून नियम असा, की उड्डाणाच्या वेळी काही खटकलं तर ‘स्टॉप’ ओरडायचं. कोणीही. माझ्यासारख्या नवख्यानेसुद्धा. आधी थांबायचं, मग चर्चा.

मी ओरडलो. मागून एक ग्लायडर आमच्यावरच येतोय असं वाटलं. सगळं थांबलं. तो आरामात पलीकडे उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! इन्स्ट्रक्टर आजोबा एवढंच म्हणाले, "बरं केलंस. पुन्हा वाटलं तर पुन्हा ओरड."

आता आपलं बघा. शुक्रवारी रात्रीचं रिलीज, कॉलवर क्लायंटसकट सगळे. टीममधली नवीन मुलगी हळूच म्हणाली, "सर, हा एरर वेगळा वाटतोय." मी म्हणालो, "आत्ता नको, सोमवारी बघू." सोमवार कशाला, रविवारी पहाटेच बघावं लागलं. नंतर मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी विचारलं, "हे आधी कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी लॅपटॉपकडे.

लोक म्हणतील, ऊठसूट कोणीही थांबवायला लागला तर कामं कधी व्हायची? अहो, डन्स्टेबलला ग्लायडर दिवसभर उडतच होते की! माझ्या चुकीच्या ‘स्टॉप’ने दोन मिनिटं गेली. माझ्या ‘सोमवारी बघू’ने अख्ख्या टीमचा रविवार गेला.

‘आमच्याकडे कोणीही मोकळेपणाने बोलू शकतं’ हे प्रत्येक कंपनी सांगते. मला ते ऐकायचं नाही. बोलला आणि चुकीचा ठरला, त्याचं अप्रेझलला काय होतं, तेवढं सांगा.

असो. त्या मुलीला सॉरी म्हणायचं अजून राहिलंय. सोमवारी नाही, आजच फोन करतो.