परिषद एड्सची, अडसर व्हिसाचा

जगातील एचआयव्हीबाधितांपैकी सुमारे दोन तृतीयांश सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहतात. तरीही जुलै २०२२ च्या अखेरीस कॅनडातील मॉन्ट्रियल येथे आंतरराष्ट्रीय एड्स परिषद सुरू झाली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक संशोधक व कार्यकर्ते घरीच होते. काहींना व्हिसा नाकारण्यात आला; काहींच्या अर्जांचा निर्णयच वेळेत लागला नाही. ‘यूएनएड्स’च्या प्रमुख, मूळच्या युगांडाच्या विनी ब्यानयिमा यांनाही जिनिव्हा विमानतळावर विमानात प्रवेश नाकारला जाता जाता राहिला होता. त्यांची ही गत, तर कंपालातील एखाद्या परिचारिकेची काय कथा!

आयोजक अशा वेळी हतबल असतात, हे मात्र पूर्ण सत्य नव्हे. एचआयव्हीबाधितांना अमेरिकेत प्रवेशबंदी होती म्हणून १९९२ ची परिषद बोस्टनहून ॲमस्टरडॅमला हलविण्यात आली. ती बंदी २०१० मध्ये उठल्यानंतरच, २०१२ साली, वॉशिंग्टनला यजमानपद मिळाले. त्याआधी २००० मध्ये परिषद प्रथमच विकसनशील देशात, दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे भरली आणि गरीब रुग्णांना न परवडणाऱ्या औषधांचा प्रश्न जगाच्या वेशीवर टांगला गेला. यजमान शहर ठरविताना सभागृहे आणि हॉटेले बारकाईने तपासली जातात. व्हिसाची लेखी हमीही तितक्याच कसोशीने मागायला हवी.