वाण्याची वही

परवा, ऐन दिवाळीच्या तोंडावर, माझे एक गुपित फुटले. ते शेजाऱ्याने फोडले नाही, की नातेवाइकाने नाही. घरातल्या संगणकाने फोडले.

गुपित असे : गेले वर्षभर मला कमी ऐकू येते. खारबाव स्टेशनवर गाडीची घोषणा झाली, की मी आसपासच्या चेहऱ्यांवरून तिचा अर्थ लावतो. कॉलेजात मागच्या बाकावरचे उत्तर कळले नाही, की "छान! बसा," म्हणून मोकळा होतो. त्यामुळे यंदा माझ्या वर्गात हुशार मुलांची संख्या फारच वाढली आहे! पण पंचेचाळिशीत कानाला यंत्र लावायचे, हे घरी सांगायला जीभ रेटेना. म्हणून एका रात्री सगळे निजल्यावर संगणकावर श्रवणयंत्रांच्या किमती पाहिल्या आणि चोरपावलांनी जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी कन्येने भाजणीच्या चकल्यांची कृती काढली. मोहन किती घालावे, हे जिथे सांगितले होते त्याच्या शेजारीच श्रवणयंत्राची जाहिरात! तिने दुसरे पान काढले, तिथेही तीच. आमचा भिवंडी तालुका ऑनलाइन मालाच्या गोदामांनी भरलेला. ते यंत्र कदाचित चार मैलांवरच पडले असेल; पण जाहिरातीने आधी घर गाठले.

"बाबा, आपल्याकडे बहिरं कोण आहे?" कन्येने विचारले. मोठ्यानेच विचारले असावे, कारण मला स्पष्ट ऐकू आले.

मग तिनेच माझी शिकवणी घेतली. या चहाडखोराचे नाव 'कुकी'. आपण एखादे संकेतस्थळ उघडले, की ते आपल्या ब्राउझरकडे एक लहानशी चिठ्ठी ठेवायला देते. पुन्हा तिथे गेलो, की ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि ओळख पटते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुणाने ही युक्ती काढली. तीत वाईट काही नव्हते. आमचा वाणी तरी दुसरे काय करतो? त्याच्या वहीत आमचे खाते आहे. मी पायरी चढलो, की "सर, पोहे संपले असतील," म्हणतो. वही नसती, तर दर खेपेला नावगाव सांगण्यापासून सुरुवात करावी लागली असती.

पण समजा, कुणा तिऱ्हाइताने गावातल्या दर दुकानाच्या पायरीवर आपला एकेक कारकून बसवला. वाण्याकडे काय घेतले, औषधाच्या दुकानात काय विचारले, पतपेढीत किती वेळ थांबलो, सारे एकाच वहीत! दुकानदारांना पायरीचे भाडे मिळते, म्हणून तेही गप्प. या कारकुनाच्या चिठ्ठीला 'थर्ड पार्टी कुकी' म्हणतात.

त्याला उठवता येते. ब्राउझरच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हसी' या सदराखाली ती सोय असते. सफारी आणि फायरफॉक्स आपण होऊनच त्याला आळा घालतात. क्रोमने या कुकी बंद करण्याचे २०२० साली जाहीर केले आणि २०२४ साली तो बेत सोडला. तिथे कळ आपणच दाबावी लागते. साठलेल्या चिठ्ठ्या पुसताही येतात. सगळ्याच पुसल्या, तर ठिकठिकाणी पुन्हा पासवर्ड द्यावा लागतो, इतकेच. 'इन्कॉग्निटो' खिडकी बंद केली, की तिच्यातल्या चिठ्ठ्या जातात. मात्र आपण गेलो ते स्थळ आणि इंटरनेट पुरवणारा यांच्यापासून तिने काही लपत नाही. आणि 'सर्व स्वीकारा' हे ठळक बटण दिसले, की आसपास कुठे फिकट 'नाकारा' आहे का, ते आधी पाहावे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही केला. त्या बातम्या वाचताना मला वाटले होते, खारबावच्या मास्तरापाशी लपवण्यासारखे असे आहे काय? आता कळले. मला लपवायचे नव्हतेच. सांगायचे होते; पण आपल्या वेळेला आणि आपल्या तोंडाने.

रात्री सौ. चकल्या तळत होती. धीर करून म्हटले, "अगं, मला हल्ली जरा कमी ऐकू येतं."

"ठाऊक आहे," झारा न थांबवता ती म्हणाली. "मागच्या वर्षीच्या गणपतीपासून मी मोठ्यानं बोलतेय, ते काय रागानं?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, सांगाल तेव्हा सांगाल."

तिच्याजवळही माझी वही होती म्हणायची! पण वर्षभर तिने ती मिटून ठेवली होती.

भाऊबीज झाली, की ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे जायचे ठरले आहे. सौ. बरोबर येणार आहे. संगणकाला अजून कळवलेले नाही.