कृष्णेच्या महापुराला मंडळ का नाही?

पावसाळ्यात सांगलीची सकाळ एका प्रश्नाने उजाडते: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती? ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. तो आकडा गाठण्याआधीच सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या भागांतली कुटुंबं गादी-धान्य माळ्यावर टाकून, जनावरं सोडवून बाहेर पडू लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि ब्रह्मनाळला बोट उलटून गावकऱ्यांचे जीव गेले.

तेव्हापासून सांगलीच्या प्रत्येक सभेत कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्याच अलमट्टी धरणाचं नाव निघतं. धरणाची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे. कृष्णा पाणीतंट्यावरच्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायला परवानगी दिली, आणि कर्नाटक तो हक्क सोडायला तयार नाही. उंची वाढली तर फुगवटा कुठवर येईल, या धास्तीने झोप उडालेल्या माणसांना कुणी हसू नये. मात्र महाराष्ट्र सरकारच्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी आणि पूरपट्ट्यातली अतिक्रमणं यांवर तिने बोट ठेवलं. सांगलीत अनेकांना तो निष्कर्ष आजही मान्य नाही.

वाद बाजूला ठेवून नकाशा पाहावा. क्षेत्र महाबळेश्वरहून निघालेल्या कृष्णेला माहुलीला वेण्णा मिळते. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना अगदी समोरून येऊन भिडते. पुढे ब्रह्मनाळला येरळा, सांगलीला खेटून हरिपूरला वारणा आणि काही कोसांवर नृसिंहवाडीला पंचगंगा. सह्याद्रीच्या उतारावरून धावत आलेलं सगळं पाणी असं थोडक्या अंतरात, सपाट आणि वळणावळणाच्या पात्रात जमतं. कृष्णा फुगलेली असली की वारणेला आत शिरायला वाव राहत नाही. तिचं पाणी मागे तुंबतं आणि उसाच्या फडांत पसरतं. नृसिंहवाडीला उत्तरेकडून मंदिरात शिरलेलं पाणी दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. भाविक त्यात स्नान करतात, तेव्हा शिरोळ तालुक्यातल्या सखल गावांतून बोचकी हलू लागलेली असतात. यातलं बरंच काही अलमट्टी बांधण्यापूर्वीही घडत होतं.

म्हणजे ही नदी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी मिळूनच सांभाळायला हवी. असं इतरत्र घडतं. दक्षिण अमेरिकेत ला प्लाता नदीचं मुख अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन देशांमध्ये आहे. समुद्राला मिळताना त्याची रुंदी दोनशे किलोमीटरहून जास्त भरते. १९७३ च्या करारानुसार दोन्ही देशांचा संयुक्त आयोग तिथे काम करतो. वरच्या उरुग्वे नदीसाठीही १९७५ पासून असाच आयोग आहे. त्या काठावरच्या कागद-लगद्याच्या कारखान्यावरून तंटा पेटला, तेव्हा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये उरुग्वेला दोषी धरलं ते आयोगाला आधी कळवलं नाही म्हणून. प्रदूषणाचा आरोप सिद्ध झाला नव्हता. शेजाऱ्याला वेळेत कळवणं हेच तिथे कायदेशीर बंधन ठरलं.

कृष्णेवर हे बंधन कुठे आहे? आधीच्या बच्छावत लवादाने राज्यांमध्ये पाण्याचे टीएमसी वाटले; कोयनेचं किती पाणी पोफळीमार्गे वाशिष्ठीत सोडायचं, तेही ठरवलं. पुराचा धनी मात्र कुणीच नाही. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले, विसर्गाची माहिती एकमेकांना द्यायचं ठरलं. ते चांगलंच झालं, पण असा समझोता मंत्री बदलले की नव्याने जुळवावा लागतो. खाली आंध्र आणि तेलंगणासाठी २०१४ च्या कायद्याने कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ झालं. वरच्या दोन राज्यांसाठी तसं काही नाही. नदी मंडळांसाठी १९५६ चा केंद्रीय कायदा आहे, त्याखाली आजवर एकही मंडळ उभं राहिलं नाही.

महाराष्ट्राने अलमट्टीच्या उंचीविरुद्ध जरूर लढावं. त्याचबरोबर निळ्या पूररेषेच्या आत उठणारी बांधकामं थांबवून, वैधानिक संयुक्त पूर मंडळाची मागणी स्वतःहून केंद्राकडे न्यावी. कोयना, चांदोली, हिप्परगी, अलमट्टी यांचे दरवाजे आणि आयर्विन, राजापूर इथली पातळी यांची नोंद तासातासाला एकाच ठिकाणी व्हावी. ती पलूस, मिरज, शिरोळच्या ग्रामपंचायतींना मराठीत आणि चिक्कोडी, अथणी, जमखंडीच्या गावांना कन्नडमध्ये एकाच वेळी मिळावी.