गाडी दिसते, पण आपण दिसतो का?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या वर्गातली सहावीची एक मुलगी सलग चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आली ती कोपरावर पट्टी बांधून. मकतबमधून तिला घरी नेताना तिच्या अम्मीला मोटारसायकलची धडक बसली होती. अम्मीचा हात मोडला, कपाळाला टाके पडले. अल्लाहच्या मेहेरबानीने जीव वाचला. मुलगी आईच्या पलीकडच्या बाजूला होती, म्हणून तिचे खरचटण्यावर निभावले.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "टीचर, गाडीचा दिवा मला लांबूनच दिसत होता. वाटले, आम्हाला पाहून तो हळू करील." ज्या मुलाची गाडी होती, त्यानेच त्यांना दवाखान्यात नेले होते. तो प्यायलेला नव्हता, फार वेगातही नव्हता. तो घरच्यांना एकच सांगत होता, "मला त्या दिसल्याच नाहीत."

दोघेही खरे बोलत होते, आणि गोम नेमकी इथेच आहे. अंधारात उभ्या माणसाला दिवा अर्ध्या किलोमीटरवरूनही दिसतो. त्यामुळे आपल्याला वाटते, आपण जसे गाडीला पाहिले तसे गाडीवाल्यानेही आपल्याला पाहिले असेल. पण डिपरवर असलेल्या दिव्यात काळ्या कपड्यातला माणूस साधारण 25 ते 30 मीटरवर आल्यावरच दिसतो. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे जाते. पाहून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद सरतो, आणि गाडी थांबायला आणखी तेवढेच अंतर लागते. म्हणजे दिसेपर्यंत वेळ संपलेली असते. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर 32,825 पादचारी दगावले. रोजचा हिशेब नव्वदच्या आसपास जातो.

आपल्या मांजरीत ही काळजी हिवाळ्यात जास्त करावी लागते. जूनमध्ये पुण्याचा सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारासच मगरिबची अजान होते. जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजून जातात, त्यामुळे फजरला निघणारे बुजुर्ग काळोखातच बाहेर पडतात. नमाजच्या वेळा सूर्याबरोबर सरकतात. शाळा, कारखाने आणि दुकाने मात्र घड्याळावर चालतात. म्हणून या महिन्यांत कामावरून परतणारी माणसे, मकतबची मुले आणि मशिदीकडे निघालेले नमाजी सगळे एकाच कातरवेळी रस्त्यावर येतात. मांजरी बुद्रुक 2021 मध्ये महापालिकेत आली, पण रस्त्यावर गाव आणि शहर दोन्ही एकदमच धावतात. उसाची ट्रॉली, उपबाजाराचा भाजीचा टेम्पो, पाण्याचा टँकर, कंपनीची बस, आणि त्यांच्या कडेने आपण. पहाटे मुळा-मुठेच्या बाजूने धुके आले की उरलेसुरलेही दिसेनासे होते.

पुढची वर्षे तर आणखी विचार करायला लावणारी आहेत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. 2030 मध्ये तो एकाच वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या आरंभी आणि पुन्हा डिसेंबरअखेर. म्हणजे इफ्तारची लगबग आणि तरावीहची ये-जा ऐन थंडीच्या अंधारात होणार.

त्या अपघातानंतर आम्ही वर्गात एक छोटा प्रयोग केला. खिडक्या झाकून खोली अंधारी केली. समोर तीन वस्तू टांगल्या: काळी ओढणी, पांढरा कुर्ता आणि रेडियमची पट्टी लावलेले दप्तर. एका मुलाला टॉर्च डोळ्याजवळ धरायला सांगितले. काळी ओढणी त्याला भिंतीत मिसळलेली दिसली, कुर्ता ठीक दिसला आणि दप्तराची पट्टी दिव्यासारखी लखलखली. मग गंमत झाली. बाजूला उभी असलेली मुले म्हणाली, "कुठे चमकते? ती तर राखाडी दिसते!"

त्यांचेही बरोबर होते. आपण जिला रेडियम म्हणतो, त्या पट्टीत रेडियम नसते आणि ती स्वतः उजळतही नाही. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा लोलक असतात. प्रकाश जिकडून आला तिकडेच ते परत पाठवतात. म्हणून ती गाडी चालवणाऱ्यालाच चमकताना दिसते, आणि तीही दीडशे मीटरच्या आसपास अंतरावरून. पोपटी-पिवळ्या भडक जॅकेटचे तसे नाही. त्याचा रंग दिवसाच्या आणि कातरवेळेच्या उजेडात उठतो, रात्री हेडलाईटमध्ये त्याचा फारसा उपयोग नाही. जॅकेट घ्यायचेच तर पट्टीवाले घ्यावे.

आता भगिनींशी थोडे मोकळेपणाने. "बुरख्यावर चमकणारी पट्टी? लोक बघत राहतील," असे एक-दोघींनी आम्हाला विचारले. वर्गातल्या मुलांनी याचे उत्तर दिलेलेच आहे. दिवसा आणि बाजूने पाहणाऱ्याला ती साधी राखाडी पट्टी दिसते. ती उजळते फक्त अंगावर येणाऱ्या गाडीसाठी, आणि त्या क्षणी तिने उजळायलाच हवे. पडद्याला तिने काही बाधा येत नाही. बुरखा काळाच असावा असे बंधन शरियतने घातलेले नाही; तरी काळाच आवडत असेल तर बाहीच्या टोकाला आणि खालच्या घेराला बोटभर पट्टी शिवून घ्यावी. हात-पाय हलतात तशी ती हलते, आणि समोर खांब नसून माणूस आहे हे गाडीवाल्याच्या लवकर ध्यानात येते. नंबरप्लेट बनवणाऱ्या रेडियमवाल्याकडे चिकटपट्टी मिळते, पण कापडासाठी शिवायची पट्टी मागावी, नाहीतर पहिल्या धुण्यातच निघते. स्कूटरवर मागे बसताना बुरखा गोळा करून घ्यावा. तो चाकात अडकण्याचा धोका तर आहेच, शिवाय मागचा लाल दिवाही त्याने झाकला जातो.

पुरुषांनीही स्वतःला यातून सोडवून घेऊ नये. पांढरा कुर्ता-पायजमा अंधारात उपयोगाचा, पण थंडीत त्यावर काळी शाल किंवा गडद जॅकेट चढते आणि उपयोग संपतो. मोटारसायकलचा मागचा दिवा लागतो का, हे आठवड्यातून एकदा घरच्या कोणाला तरी मागे उभे करून पाहावे. मुलांच्या सायकलीचे रिफ्लेक्टर पुसून स्वच्छ ठेवावेत. फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. हातातला मोबाईल तोंडासमोर न धरता त्याचा टॉर्च लावून खाली, पावलांजवळ धरावा. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी लावावी आणि उसाच्या मोळ्या तिच्यावर लोंबू देऊ नयेत. बंद पडलेली ट्रॉली रात्री रस्त्यात उभी असते तेव्हा पाठीमागून येणाऱ्याला तेवढीच खूण मिळते.

मशीद कमिटीला एक विनंती. फाटकाबाहेरचा दिवा फजरच्या आधी आणि इशानंतर चालू राहील असे पाहावे. जुम्याला दोन मिनिटे या विषयावर बोलावे आणि नमाजींच्या गाड्या रस्त्यात लागू देऊ नयेत. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग असल्याचे प्रेषितांनी (स.) शिकवले आहे. आपणच रस्त्यात लावलेली गाडी त्याला अपवाद कशी असेल?

अंधारात मशिदीकडे चालत जाणाऱ्यांना कयामतच्या दिवशी पूर्ण नूर मिळेल, अशी खुशखबर हदीसमध्ये आहे. ती ऐकून काही बुजुर्ग म्हणतात, "अल्लाह रक्षण करणारा आहे, पट्टी कशाला?" आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, हेही आपल्याला प्रेषितांनीच (स.) सांगितले आहे. तिथला नूर अल्लाह देईल. इथली बोटभर पट्टी आपली आपण शिवायची आहे.

त्या अम्मींचा हात आता बरा आहे, फक्त जड पिशवी उचलवत नाही. त्यांच्या बाहीवर पट्टी आली आहे. मुलीने आपल्या दादांच्या काठीलाही एक वेढा चिकटवला आहे, आणि ते फजरला निघाले की दारातून टॉर्च मारून ती एकदा खात्री करून घेते. वाचकहो, आज इशानंतर आपल्या घरीही एवढे करून पाहा. घरातल्या सगळ्यांचे बाहेर घालायचे कपडे एका रांगेत टांगा, दिवा मालवा, टॉर्च डोळ्याजवळ धरा. जो कपडा दिसणार नाही, तो घालणाऱ्याची काळजी उद्यापासून घ्यायची. अल्लाह सर्वांना सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.