कोटणिसांचें नांव आणि दक्षिण चिनी समुद्र

दक्षिण चिनी समुद्राचा विषय निघाला, कीं आमच्या सोलापुरांतले कांहीं सज्जन डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचें नांव पुढें करितात. त्या मैत्रीस बट्टा लागेल, सबब आपण मौन पाळावें, असा त्यांचा उपदेश! आम्हांस हा कोटणिसांचाच उपमर्द वाटतो. १९३८ सालीं ते चीनला गेले, ते चीन बलिष्ठ होता म्हणून नव्हे. जपानी आक्रमणाखालीं तो भरडला जात होता म्हणून. आज स्कारबरोच्या खडकांपाशीं चिनी सरकारी जहाजें हुसकावतात तीं फिलिपाइन्सच्या कोळ्यांना. खडक कोणाचे, हें हेगच्या लवादानें ठरविलें नाहीं. परंतु त्या कोळ्यांची परंपरागत मासेमारी अडविणें बेकायदा आहे, असें १२ जुलै २०१६ रोजीं स्पष्ट सांगितलें. चीननें तो निवाडा धुडकाविला. भारतावरहि असा प्रसंग आला होता. २०१४ सालीं बंगालच्या उपसागरांतील सुमारें २५,६०० चौरस किलोमीटर वादग्रस्त क्षेत्रापैकीं १९,४६७ बांगलादेशाकडे गेलें, आणि आपण तें मान्य केलें. (कोणी त्यास दुबळेपणा म्हणोत!) धाकट्या शेजाऱ्यापुढें कायदा मानणाऱ्या देशाच्या नागरिकांनीं थोरल्या शेजाऱ्यास तोच कायदा ऐकविण्यास कां कचरावें? कोटणिसांच्या स्मारकास हार घालणाऱ्यांनीं याचें उत्तर द्यावें.