शिबिरातील पालक

उन्हाळी शिबिरात पालकांनी गटप्रमुख व्हावे, असा आग्रह धरणाऱ्यांपैकी मी एक. मात्र स्वतःचे अपत्य स्वतःच्या गटात नसावे. माझा मुलगा सात वर्षांचा असताना त्याचाच गट मी घेतला. पक्षपात दिसू नये म्हणून इतका कठोर झालो की, साधनकेरीच्या तळ्यापर्यंत चालताना तहान लागल्याचे त्याने मला सांगितलेच नाही. भोवळ येऊन बसला तेव्हा कळले. बालरोगतज्ज्ञाचा मुलगा! लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण त्याच सकाळी मी इतर पालकांकडून पाठ करून घेतले होते. पुढील वर्षी तो एका ताईंच्या गटात होता. तिथे पाणी हक्काने मागत असे, आणि बाबांच्या तक्रारीही सांगत असे.