सूर्यास्ताचा फोटो आणि काळे चेहरे

६ डिसेंबरला दादर चौपाटीवर येणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला असतो. अभिवादन झाले की संध्याकाळी पाण्याकडे पाठ करून सारे उभे राहतात आणि घरातला एकजण मोबाइलवर फोटो काढतो. मागे मावळता सूर्य असतो. मग फोटो बघून कुणीतरी म्हणतेच, "अगंबाई, आपण सगळे काळेच आलो की!" हे ऐकून घरातली सावळी लेक उगाचच मान खाली घालते. या वाक्याबद्दल आज आम्हाला चार शब्द लिहायचे आहेत.

बंधू-भगिनींनो, याचा आपल्या रंगाशी काडीचाही संबंध नाही. सूर्य मागे असला की उजेड पाठीवर पडतो आणि चेहरा सावलीत राहतो. कॅमेरा समोरचा एकूण उजेड मोजतो. झगझगीत आकाश दिसले की तो उजेड कमी घेतो आणि सावलीतला चेहरा अंधारात जातो. तिथे गोरापान माणूस उभा केला तरी त्याचीही काळी आकृतीच उमटेल.

उपाय सोपे आहेत. सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी चेहरे सूर्याकडे करून एक फोटो घ्यावा. तो उजेड मऊ आणि सोनेरी असतो. सूर्य मागे हवाच असेल तर मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावावे, किंवा सहा-सात फुटांवरून फ्लॅश मारावा. नुसता सूर्य हवा असेल तर बोट आकाशाला लावावे, म्हणजे लाल-केशरी रंग भरून येतात. खाऱ्या वाऱ्याने भिंग धुरकट होते, म्हणून ते आधी सुती कापडाने पुसावे. मुंबईत डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, तर जूनअखेरीस सव्वासातच्या पुढे होतो. बिंब पाण्याला टेकल्यापासून दोन-अडीच मिनिटांत दिसेनासे होते. पण लगेच पाठ फिरवू नये. पुढची पंधरा-वीस मिनिटे आकाशात रंग टिकतात.

आता मूळ दुखण्याकडे वळू. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा नीट दिसली म्हणजे रंग बरोबर, असे मानले जाई. सावळ्या माणसांचे चेहरे त्यात नीट उठत नसत. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड कंपनीने १९९० च्या दशकात काढले. म्हणजे उणीव माणसांच्या कातडीत नव्हती, मोजपट्टीत होती.

आज फिल्म गेली, पण पुष्कळ मोबाइलांत चेहरा उजळ करणारी 'ब्युटी' नावाची सोय आली आहे. ती आपल्या मुलींना न बोलता रोज सांगते की तू आहेस तशी चालणार नाहीस. शिकलेल्या घरांतही लग्नाच्या फोटोसाठी हीच सोय वापरतात, याचे आम्हाला वाईट वाटते. माणसाची किंमत जन्मावरून ठरवू नये असे आपण जगाला सांगतो. मग घरातल्या लेकीची किंमत रंगावरून कशी ठरवतो?

तेव्हा मोबाइलमधली ही सोय आजच बंद करावी. समुद्रावर गेलात की लेकीला मधोमध उभे करावे, तिचे तोंड उजेडाकडे करावे आणि ती आहे तशीच फोटोत येऊ द्यावी. तो फोटो मोठा करून दर्शनी भिंतीवर लावावा.